दलदलीतली देवराई

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. एस.टी.ने जाणारा प्रवासी तेथे मुद्दाम उतरत नाही, आणि उतरला तरी उसाच्या फडांवाचून त्याला फारसे काही दिसत नाही. तथापि महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या आद्य इतिहासाचे एक मोठे प्रकरण याच गावच्या मातीतून बाहेर आले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. अन्सारी आणि डॉ. ढवळीकर यांच्या देखरेखीखाली जे हाती लागले त्यावरून असे दिसते, की इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे येथे माणूस नांदत होता. तो सातू पिकवीत होता, गुरे पाळीत होता, मेलेल्या लेकरांना रांजणात निजवून घराच्या जमिनीखालीच पुरत होता. पुराचे पाणी अडविण्यासाठी त्याने बांध घातला होता आणि शेताला पाणी नेण्यासाठी चर खणला होता. पुढे इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास हवा कोरडी होत गेली. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती मागे पडून शेरडेमेंढरे आणि शिकार पुढे आली, आणि अखेरीस गाव उठले. ढवळीकरांनी या उतरणीचे कारण पर्जन्यमानात शोधले आहे. आमच्या शिरूर-दौंडच्या माणसाला ते पटवून देण्यासाठी पुरावा लागत नाही.

वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात ‘दलदल’ हा शब्द आपण सहसा वाईट अर्थानेच वापरतो. पाणथळ म्हणून जे काही आपल्याजवळ आहे ते माणसाच्या हातचे आहे. दौंडच्या पूर्वेस भिगवणजवळ रोहित पक्षी उतरतात ते उजनीच्या फुगवट्यावर, आणि उजनी धरण पूर्ण झाले १९८० साली. म्हणजे आपल्या पाणथळीचे वय आपल्या धर्मग्रामातल्या कितीतरी जोडप्यांच्या संसारापेक्षा कमी आहे. असे असता, कोट्यवधी वर्षांची परंपरा सांगणारे दलदलीचे अरण्य आपल्याच राज्यात, किंबहुना एके काळच्या आपल्याच धर्मप्रांतात आहे, हे ऐकून आमच्याकडच्या काही कुटुंबांनी ते पाहण्याचे ठरविले यात नवल नाही.

‘एके काळच्या आपल्याच धर्मप्रांतात’ असे म्हणालो त्याचा खुलासा करावयास हवा. पुणे धर्मप्रांताची स्थापना १८८६ साली झाली. सह्याद्रीचा माथा ओलांडून खाली कोकणात सावंतवाडीपर्यंतचा मुलूख एके काळी त्याच्या कक्षेत येत असे. २००५ साली सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याआधी दौंडच्या रेल्वे वसाहतीतला कॅथलिक आणि दोडामार्गच्या बागायतीतला कोंकणी बोलणारा कॅथलिक हे एकाच महागुरुस्वामींच्या कळपातले होते. दोघांच्या मुलखांत मात्र पावसाचे अंतर सहापटींचे. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे या परिसरात ही राई आहे. कोल्हापूर, चंदगड करीत तिलारीचा घाट उतरला की हवेचा पोत बदलतो. फेब्रुवारीचा महिना होता. आमच्याकडे विहिरींनी तळ दाखविण्यास सुरुवात केली होती, आणि येथे वाटेच्या दोन्ही अंगांना पोफळी-माडांच्या मुळांत पाणी खेळत होते. राईत शिरताना गावच्या वाटाड्याने वहाणा काढावयास लावल्या. ते श्रद्धेसाठी होते तसेच सोयीसाठीही असावे, कारण दहा पावलांत आम्ही घोट्यापर्यंत काळ्या चिखलात होतो.

येथले मुख्य झाड म्हणजे रानटी जायफळाची एक जात. शास्त्रज्ञ तिला मिरिस्टिका मॅग्निफिका म्हणतात. सरळसोट, उंच, काळपट खोडे पाण्यातून वर गेलेली; खोडाच्या खालच्या अंगातून बाणासारखी तिरपी मुळे सुटून चिखलात रुतलेली; आणि त्यांच्यामध्ये, गुडघे टेकून बसलेल्या माणसाचे फक्त गुडघेच पाण्यावर दिसावेत तशी, जमिनीतून वर येऊन पुन्हा जमिनीत जाणारी मुळे. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून ही मुळे श्वास घेण्यासाठी वर येतात. शास्त्रज्ञांनीही त्यांना ‘गुडघेमुळे’ असेच नाव दिले आहे. झाडाला खोच पडली तर रक्तासारखा लाल चीक येतो. बी मोठे, त्याभोवती तांबडी जायपत्री. ते बी धनेश आणि मोठी कबुतरे गिळतात व दूर नेऊन टाकतात. मात्र हे बी कोरडे पडले की मरते. ज्वारीच्या दाण्यासारखे कणगीत वर्षभर ठेवून पुढल्या मृगाला पेरावे, असे ते बी नाही. ओल असेल तेथेच ते रुजते. म्हणूनच या झाडाचे अरण्य म्हणजे अखंड ओलीची नोंदवही होय. एखाद्या ठिकाणी अशी राई उभी आहे याचा अर्थ तेथले पाणी माणसांच्या कित्येक पिढ्यांत तुटलेले नाही.

जायफळाचे कूळ हे फुलणाऱ्या वनस्पतींच्या अतिप्राचीन शाखांपैकी एका शाखेवरचे. चाफ्याच्या नातलगांपैकी. सह्याद्रीच्या ओल्या दऱ्यांत त्याच्या काही जाती टिकून राहिल्या. केरळात कोल्लम-तिरुवनंतपुरमच्या बाजूला अशी दलदलीची अरण्ये आहेत. अभ्यासकांनी ती प्रथम १९६० साली नोंदविली ती तेथेच. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात काही तुकडे आहेत, गोव्यात आहेत, आणि सर्वांत उत्तरेकडचा म्हणून ज्याची नोंद २०१८ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात झाली तो हा बांबर्ड्याचा तुकडा. अर्थात ही नोंद जगासाठी नवी. गावाने तो तुकडा त्याआधी कितीतरी पिढ्या राखलेला होता.

आमच्याबरोबर दौंडकडच्या एक आजी होत्या. त्यांनी आयुष्यभर कोरडवाहू शेती केलेली. एका गुडघेमुळावर टेकून त्यांनी चोहोकडे पाहिले आणि वाटाड्याला विचारले, “एवढं पाणी, आन् कुणीच भात लावला न्हाई हितं?” शेतकऱ्याच्या तोंडी शोभणारा, अगदी रास्त प्रश्न. वाटाड्या हसला. “देवाचा मा ता,” एवढेच म्हणाला. मग थोड्या वेळाने, आपण होऊन, “हयसर पाणी कधीच आटाक नाय.”

या दोन वाक्यांत सांगण्याजोगा सारा इतिहास आला. ही अरण्ये सह्याद्रीच्या खोऱ्यांत एके काळी आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक पसरलेली होती. ती गेली ती कुऱ्हाडीच्या हौसेने नव्हे. बारमाही पाणी, सपाट जमीन, काळी माती असे जेथे असेल तेथे माणूस भातशेती करणार, पोफळी लावणार. केरळ आणि कर्नाटकातील बहुतेक दलदली अशाच खाचरांत आणि बागांत रूपांतरित झाल्या. उरल्या त्या दोन कारणांनी उरल्या. काही इतक्या अडचणीच्या दरीत होत्या की नांगर पोहोचला नाही, आणि काही देवाच्या मालकीच्या होत्या. बांबर्ड्याची राई दुसऱ्या प्रकारातली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सरहद्द ओलांडून गोव्यात सत्तरी तालुक्यात गेलो. वाळपईच्या बाजूला बांबर येथे अशीच जायफळाची दलदल आहे. तिला ‘निरंकाराची राई’ म्हणतात. निरंकार म्हणजे निराकार. ज्याला आकार नाही तो. लहानपणी प्रश्नोत्तरी पाठ करताना देव हा आत्मा आहे, त्याला शरीर नाही, हे आपण सारेच शिकलो. सत्तरीच्या रानातल्या माणसाने आपल्या राईच्या धन्याला हेच नाव द्यावे, हे वाचून मी तरी थबकलो. त्यातून घाईघाईने काही धर्मशास्त्रीय निष्कर्ष काढू नये हे खरे. पण ज्याला आपण केवळ झाडपूजा म्हणून बाजूला सारतो, तेथे नेमके काय चालले आहे हे विचारण्याइतकी नम्रता त्या नावाने आणावी.

जायफळाच्या झाडाशी आपल्या ख्रिस्तसभेचा संबंध जुना आहे, आणि तो सगळाच अभिमानास्पद नाही. खरे जायफळ, ज्याशिवाय आपल्या घरी नाताळचा केक आणि पुरणपोळी दोन्ही अडतात, ते मूळचे मोलुक्काच्या परिसरातील बांदा बेटांवरचे. १५१२ साली पोर्तुगीज तेथे पोहोचले. संत फ्रान्सिस झेवियर १५४६ साली त्याच समुद्रात आंबोन बेटावर उतरले, मसाल्यासाठी नव्हे तर माणसांसाठी. पुढे १६२१ मध्ये डच कंपनीच्या यान पीटरसून कून याने जायफळाचा मक्ता हाती ठेवण्यासाठी बांदाच्या सुमारे १५,००० वस्तीची इतकी कत्तल आणि धूळधाण केली की हजारभर माणसेच तेथे शिल्लक राहिली असे इतिहासकार मानतात. एका झाडाच्या बीसाठी एवढे झाले.

गोव्यात गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली छापलेल्या आपल्या संवादग्रंथात जायफळ-जायपत्रीची चर्चा केली आहे. ओर्ता हा यहुदी वंशाचा नवख्रिस्ती. तो १५६८ साली वारला, आणि १५८० साली इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. भारतीय वनस्पतींवरचा युरोपीय ग्रंथलेखनाचा पहिला मानकरी, आणि त्याला आपल्याच लोकांनी मेल्यावरही स्वस्थ निजू दिले नाही! हे सांगितल्यावाचून पुढचे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पुढचे असे. १६६३ मध्ये डचांनी कोची घेतली आणि पोर्तुगीज धर्मगुरूंना हाकलले. तेथल्या कार्मेली संघाच्या फादर मॅथ्यू ऑफ सेंट जोसेफ या इटालियन धर्मगुरूला मात्र राहू दिले. हे गृहस्थ वैद्यकी जाणणारे आणि वनस्पतींचे वेडे. डच गव्हर्नर व्हान रेडे हा प्रॉटेस्टंट, फादर कॅथलिक; दोघांच्या देशांत धर्मावरून रक्त सांडलेले. पण मलबारच्या वनस्पतींचा कोश करण्याच्या कामी दोघे एकत्र आले. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे बारा खंडांत छापला गेलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ तो हाच. या कामात इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य होता आणि रंगभट, विनायक पंडित व आपुभट हे तिघे कोंकणी ब्राह्मण होते. या तिघांनी १६७५ साली लिहून दिलेला कोंकणी भाषेतला दाखला पहिल्या खंडात नागरी लिपीत छापला आहे. छापील पुस्तकात नागरी अक्षरे इतक्या लवकर उमटल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. रानटी जायफळाचे, म्हणजे ज्याची पत्री आपण बाजारात ‘रामपत्री’ म्हणून घेतो त्या झाडाचे, वर्णनही त्या कोशात आले. गोडा मसाला करताना रामपत्री पाट्यावर घेणाऱ्या आपल्या घरच्या बायकांना ते ठाऊक असण्याचे कारण नाही. पण ही पत्री खऱ्या जायपत्रीत भेसळ करण्यासाठी वापरतात हे त्या नाकाने ओळखतात.

आपल्या अगदी जवळच्या काळात यायचे तर मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील दोन येशूसंघीयांची नावे घ्यावी लागतात. स्वित्झर्लंडचे फादर एथेलबर्ट ब्लॅटर १९०३ साली मुंबईत आले आणि १९३४ साली वारले. त्यांच्या नावाचा वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह आजही त्या कॉलेजात आहे. दुसरे स्पेनचे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव. खंडाळ्याच्या डोंगरात वर्षानुवर्षे पायी हिंडून त्यांनी तेथल्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला, तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९६१ ते १९६७ ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. झगा घातलेला, परदेशात जन्मलेला एक धर्मगुरू स्वतंत्र भारताच्या सरकारी खात्याचा प्रमुख होता, ही गोष्ट आपल्या किती मुलांना माहीत आहे? १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७० साली ते मुंबईतच वारले. प्रत्येक पानाला नाव देऊन ते कागदावर जपून ठेवणे ही त्यांच्या लेखी निर्मात्याच्या हस्ताक्षराची नक्कल उतरवून घेण्यासारखी गोष्ट असावी, असे मला वाटते.

झाडांना नाव देणे आणि झाडे राखणे ही मात्र दोन निराळी कामे. दुसऱ्या कामात आपला इतिहास अधिक अवघड आहे.

आपल्या पवित्र शास्त्रात झाडांविषयी दोन आवाज आहेत. अनुवादाच्या पुस्तकात इस्राएल लोकांना सांगितले आहे की परक्या देवांच्या वेद्या मोडा, त्यांचे पूजास्तंभ जाळा. गिदोनाने बालाच्या वेदीजवळचे अशेरेचे लाकूड तोडून त्याच लाकडावर होमबली दिला. पण त्याच अनुवादात असेही आहे की शहराला वेढा घातला तरी फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नका. आणि त्याआधी, विश्वासाचा पिता म्हणून ज्याला आपण मिस्सामध्ये स्मरतो त्या आब्राहामाला देव भेटला तो मम्रेच्या एलोन झाडांपाशी. त्याने बैर-शेबा येथे विहिरीच्या करारानंतर एक झाड लावले आणि तेथे देवाच्या नावाने प्रार्थना केली. एदेन बागेत मनुष्याला ठेवले ते मशागतीसाठी आणि राखणीसाठी. यांतला कोणता आवाज कोणत्या काळी ऐकला गेला, त्यावर पुष्कळ अवलंबून राहिले.

जर्मनीचे प्रेषित संत बोनिफास यांनी ७२३ च्या सुमारास गाइस्मार येथे थोर देवाचा म्हणून पूजिलेला ओक वृक्ष तोडला आणि त्याच्या लाकडाचे संत पेत्राच्या नावाने प्रार्थनामंदिर बांधले. गोष्ट प्रसिद्ध आहे. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागात ज्यांनी मिशन उभे केले ते जर्मन येशूसंघीय याच बोनिफासच्या मुलखातले. शिरूर-दौंडच्या कॅथलिक कुटुंबांपैकी पुष्कळांचे मूळ त्या मिशनमध्ये आहे. गोव्यात १५४० पासून तिसवाडीत आणि नंतर बारदेश-साष्टीत देवळे पाडली गेली, त्यांच्या जमिनी चर्चच्या खर्चासाठी लावल्या गेल्या. सत्तरी पोर्तुगिजांकडे आली ती फार उशिरा, अठराव्या शतकात ‘नव्या काबिजादी’बरोबर. तोवर धोरण बदलले होते. तेथल्या लोकांच्या धर्माचाराला हात न लावण्याचे आश्वासन दिले गेले. गोव्यातील नामांकित देवराया जुन्या काबिजादीत नसून सत्तरी, सांगे, काणकोण अशा नव्या काबिजादीच्या तालुक्यांत सापडतात, यामागे डोंगराळ भूगोल जसा आहे तसा हा इतिहासही आहे.

तथापि एकाच अंगाने पाहून आपल्या पूर्वजांना आणि धर्मगुरूंना दोष देणे मला मान्य नाही. हल्ली शहरांतून देवराईचे फार गोडवे गाइले जातात. देवराई राखली जाई ती भक्तीने तशीच भीतीने. काठी मोडली तर देव कोपेल, अंगात येईल, वंश बुडेल. आणि गावचा देव म्हणजे गावकीचा देव. आपल्यापैकी ज्यांचे आजे-पणजे गावकुसाबाहेर राहत होते, त्यांना त्या देवाच्या पायरीपर्यंतच वाट होती. पुष्कळ ठिकाणी तेवढीही नव्हती. त्यांनी प्रभू येशूला स्वीकारले तेव्हा झाडांच्या, दगडांच्या, भुताखेतांच्या भयापासून ते सुटले. ती सुटका खरी होती. तिची किंमत ज्यांना मोजावी लागली नाही त्यांनी ती हलकी लेखू नये. प्रश्न एवढाच उरतो की भय गेले तेव्हा त्याबरोबर राखणही का जावी?

ती जावीच असे नाही, याचे दाखले आपल्याच परंपरेत आहेत. इटलीतील कामाल्दोलीच्या संन्यस्त बंधूंनी शतकानुशतके आपल्या मठाभोवतीचे देवदारांचे अरण्य सांभाळले. १५२० च्या सुमारास छापलेल्या त्यांच्या नियमावलीत झाडे कोणाच्या संमतीने तोडावीत आणि किती लावावीत याचा निर्देश आहे. वालोम्ब्रोसाचे संस्थापक संत जॉन ग्वाल्बर्ट यांना पोप पायस बारावे यांनी १९५१ साली वनरक्षकांचे आश्रयदाते ठरविले. इथिओपियाच्या उत्तर भागात डोंगर उघडेबोडके झाले आहेत, पण तेथल्या प्राचीन ऑर्थोडॉक्स चर्चच्या प्रत्येक मंदिराभोवती वर्तुळाकार रान उभे आहे. विमानातून पाहणाऱ्याला ती तपकिरी कापडावरची हिरवी ठिगळे वाटतात. तेथले लोक म्हणतात, झाडे हे मंदिराचे वस्त्र आहे. आमच्या वाटाड्याने ज्याला ‘देवाचा’ म्हटले त्याहून हे फार निराळे नाही. फरक असलाच तर तो भीतीच्या जागी आलेल्या कृतज्ञतेचा.

असिसीच्या संत फ्रान्सिसला पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली पर्यावरणाचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात या संताची एक आठवण आहे. मठाच्या बागेचा एक भाग न नांगरता, न पेरता तसाच सोडावा, म्हणजे तेथे रानफुले उगवतील आणि पाहणाऱ्याला निर्माता आठवेल, असे त्याने आपल्या बंधूंना सांगितले होते. न नांगरता सोडलेली जमीन! दौंडच्या आजींचा प्रश्न आणि बाराव्या-तेराव्या शतकातल्या या संताचे सांगणे यांत एका दलदलीचेच अंतर आहे. परिपत्रकावर आपल्याकडे प्रवचने झाली, फलकही लागले. आपल्या धर्मग्रामांच्या आवारात मात्र मोटारी उभ्या करण्यासाठी फरशी घालताना चिंच आणि कडुनिंब तोडले गेल्याची उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत.

बांबर्ड्याच्या राईला आता कायद्याचाही आधार आहे. जैवविविधता कायदा २००२ अन्वये महाराष्ट्र शासनाने २०२१ साली तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. क्षेत्र २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरांहून थोडे कमी. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्या शेतकऱ्याच्या वावराएवढे. त्याआधी २०२० मध्ये दोडामार्ग तालुक्यात २९.५३ चौरस किलोमीटरचे तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीवर बंदी घातली. या सर्व गोष्टी चांगल्याच आहेत. पण राईची हद्द आणि पाण्याची हद्द एक नसते. राईत पाणी येते ते वरच्या उतारावरून, आणि दोडामार्गात गेल्या काही दशकांत अशा उतारांवरचे रान काढून रबराची आणि अननसाची लागवड झपाट्याने वाढली आहे. रबराच्या झाडाला पैसा लागतो. गावच्या माणसाने तो का मिळवू नये, असे शहरातून येऊन विचारण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु वरचा झरा बदलला तर खालचे साडेसहा एकर फलक लावून वाचणार नाहीत. ज्या बीला आठ दिवसांची कोरडही सोसत नाही, त्याला एक वाईट दशक पुरे.

पुण्याच्या डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला तेव्हा त्यांनाही जागोजागी हेच आढळले की देवराई आणि गावचा झरा या जोडीने नांदणाऱ्या गोष्टी आहेत. ही जोडी केवळ कोकणातली नव्हे. भीमा भीमाशंकरच्या रानात उगम पावते आणि दौंडच्या पुलाखालून जाते. घोड नदी त्याच डोंगररांगेत, थोड्या उत्तरेला, सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावून आंबेगाव, शिरूर करीत खाली येते व दौंडच्या वरच्या अंगाला भीमेला मिळते. घोडेवर डिंभे येथे धरण आहे. त्याच्या कालव्याचे पाणी शिरूर तालुक्यापर्यंत पोहोचते. आणि डिंभ्याच्या वर, कड्याच्या टोकाशी, महादेव कोळ्यांचे आहुपे नावाचे गाव आहे, जेथली देवराई अद्याप उभी आहे. तेथे दलदल नाही, रानटी जायफळही नाही. हिरडा, जांभूळ आणि आंब्याचे जुने वृक्ष आहेत, पावसाळ्यात महिनोन्‌महिने धुके असते. आपल्या नळाला येणारे पाणी कोणाच्या श्रद्धेखालून वाहत आले आहे, हे आपण शिरूरकरांनी आणि दौंडकरांनी कधी विचारले नव्हते.

बांबर्ड्याहून परतताना गाडीत आजींनीच तो विषय काढला. आता उन्हाळा संपण्याच्या आत आहुप्याला जावयाचे ठरले आहे. मंचरहून घोडेगाव, डिंभेमार्गे रस्ता आहे. शेवटचा घाट अरुंद असल्याने मोठी बस नेऊ नये, असे तिकडच्या ओळखीच्यांनी कळविले आहे, तेव्हा दोन लहान गाड्या कराव्या लागतील.